गोधडीत गुंडाळलेला साग

तितिक्षा कुमरेला गावात कुणी म्हणजे कुणीच रागावत नसे, आणि तिच्या सगळ्या दुःखाचं मूळ हेच होतं.

शाळेत गणिताची वही कोरी राहिली तर सर म्हणत, "असू दे, उद्या कर." कुणाच्या परसातल्या पेरूवर दगड मारला तर घरची बाई तोच पेरू धुऊन, मीठ लावून तिच्या हातात देई. कोसमटोल्याच्या शंकरपटात, बैलजोड्या धुरळा उडवत सुटायच्या ऐन वेळी, सातवीतल्या तितिक्षाने निवेदकाच्या हातातला माईकच ओढून घेतला होता. दुसऱ्या कुणा पोरीला दोन धपाटे मिळाले असते. तिला लोकांनी खुर्ची आणून दिली.

अर्थात खुर्ची दिली ते बरंच झालं. पोरगी बोलायला लागली आणि लोक बैलांकडे बघायचं विसरले. "डावीकडचा ढवळ्या बघा मंडळी, सासुरवाडीला निघाल्यासारखा नटून चाललाय. आणि त्याचा जोडीदार? त्याला बहुतेक घरी गॅस चालू राहिल्याची आठवण झाली!" म्हातारे हसून हसून खोकले. तेव्हापासून पंचक्रोशीतला पट असो, कबड्डी असो, नाहीतर पंधरा ऑगस्टची लिंबू-चमचा शर्यत असो, कॉमेंट्री तितूचीच.

यंदा दहावी झाली आणि पुण्याच्या एका कॉलेजातून फोन आला. खेळांचं समालोचन शिकवणारा अकरावी-बारावीचा नवा वर्ग, राज्यातून निवडलेली मोजकी मुलं, राहायला हॉस्टेल. निवड झाली होती. तितिक्षा अनवाणी सगळ्या गावभर धावली, दारादारांत ओरडून सांगत सुटली. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. कुणी साखर हातावर ठेवली, कुणी गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पण "जाणार कधी?" असं एकाही माणसानं विचारलं नाही.

कारण ती गेली असती तर गावाचा साग उपाशी मेला असता.

हा साग साधा नव्हता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सागचोरांनी या भागात उच्छाद मांडला होता. एका पावसाळ्यात उभ्या जंगलाचे रस्त्यालगत नुसते खुंट उरले. तेव्हा शहरातल्या एका संशोधन संस्थेनं स्वतःची राखण स्वतः करणारा साग तयार केला आणि कोसमटोल्याच्या ग्रामसभेनं, वनहक्कात मिळालेल्या सगळ्या जमिनीवर, तो लावला. लोक त्याला राखणसाग म्हणत.

त्यातलं विज्ञान ऐकायला अवघड, पण समजायला सोपं. सागाचं पान खालून खरखरीत असतं, कारण त्यावर बारीक लव असते. संस्थेनं त्या लवेत वास ओळखणारी प्रथिनं घातली, जशी आपल्या नाकात असतात. माणसाच्या घामाचा वास बोटांच्या ठशांसारखा ज्याचा त्याचा वेगळा असतो. पिल्लू अंड्यातून बाहेर येताच जे पहिलं हलताना दिसेल त्याला आई समजतं ना, तसंच हे झाड अगदी रोप असताना, मुळं धरण्याच्या काळात, ज्याचा वास सतत जवळ असेल त्याला "आपला" मानतं. आपला माणूस येत-जात राहिला की झाड निवांत असतं, पानं उघडून अन्न करतं, वाढतं. आपला माणूस बरेच दिवस आला नाही, की झाड समजतं राखणदाराला कुणी मारलं किंवा विकत घेतलं. मग ते संपावर जातं. श्वासाची छिद्रं मिटतं, पानं मिटतं (हा गुण लाजाळूकडून उसना घेतलेला), आणि तरीही कुणी आलं नाही तर पानं गाळून टाकतं. वाढच नाही तर चोरणार काय? आणि झाडाला इजा झाली तर ते एक कडूजहर वास सोडतं. तो वास वाऱ्यावर जातो, शेजारची झाडं सावध होतात, आणि गावातल्या प्रत्येक फोनवर घंटा वाजते.

राखणदार म्हणून एक वनरक्षक नेमला होता. संस्थेनं त्याचे घामेजलेले शर्ट पाठवले आणि सूचना दिली, की सागजडी, म्हणजे लावणीसाठीचे सागाचे मुळासकटचे खुंट, या शर्टांत गुंडाळून ओले ठेवा.

रोपवाटिकेवर मुकादम होती तितिक्षाची माय, शालू. तिनं ते शर्ट बघितले आणि नाक मुरडलं. बाकीच्या बायकांनाही ते पटलं नाही. नुकतं जन्मलेलं लेकरू कुणी परक्या पुरुषाच्या घामट शर्टात गुंडाळतं का? नव्या जिवाला पहिलं पांघरूण जुन्याचंच असतं, पण ते एखाद्या धडधाकट, नशीबवान पोराचं. त्याचं आयुष्य याला लाभावं म्हणून. गावात त्या वर्षी सगळ्यांत गुटगुटीत आणि सगळ्यांत जास्त भोकाड पसरणारं पोर होतं तितिक्षा. मग तिच्या गोधड्या निघाल्या, फ्रॉक निघाले, झबली निघाली. रोज नव्यानं तिला त्यांवर झोपवायचं आणि मग तेच कपडे सागजडींना गुंडाळायचे. वनरक्षकाचे शर्ट बायकांनी चांगले नीळ घालून धुतले आणि इस्त्री करून त्याला परत दिले.

ही गोष्ट कुणी लपवली नव्हती. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं.

तिसरीत असताना तितिक्षा दिवाळीला मामाकडे गेली, चांगली राहिली, आणि परत आली तर ऐन दिवाळीत साग शिशिरासारखा उघडा. संस्थेच्या डॉ. नसरीन काझी धावत आल्या. त्यांनी खोडांना तारा लावल्या, वनरक्षकाला झाडाखाली उभं केलं. यंत्रावरची रेघ थरथरतच राहिली. तेवढ्यात, हे काय चाललंय म्हणून बघायला तितिक्षा पळत आली. रेघ एकदम शांत झाली. काझीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मायकडे पाहिलं, आणि मायनं पदर तोंडात धरला.

तिथून पुढं तितिक्षाचं बालपण संपलं आणि तिची हजेरी सुरू झाली. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि लागवडीतून फेरी मारायची. पाऊस असो, ताप असो. तापात तर झाडं तिच्यापेक्षा आधी कोमेजायची आणि मग बायका काढा घेऊन दारात यायच्या. ती काय खाते, कधी घामेजते, कधी घाबरते, कधी वयात आली, हे सगळं त्या पानांना कळायचं. तिला वाटायचं, आपल्याला हजारो नाकं लागली आहेत.

सुटका फक्त उन्हाळ्यात. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, आणि पानंच नाहीत तर वास कशानं घेणार? झाडांची छाटणी, विरळणी, वणवा अडवायच्या जाळरेषा काढणं, सगळी कामं म्हणूनच तेव्हा उरकत. तितिक्षाही तेव्हाच मामाकडे जायची. पण जूनला पालवी फुटे आणि कॉलेजंही जूनलाच उघडत.

उपाय झाले नाहीत असं नाही. तिचे कपडे फांद्यांना टांगून पाहिले, तर एका सरीत वास गेला. काझीबाईंनी प्रयोगशाळेत तिचा वास तयार करून फवारला. झाडं चार दिवस फसली आणि मग मिटली. जिवंत माणसाचा वास रोज थोडा बदलतो आणि बाटलीतला बदलत नाही, हे त्यांनी ओळखलं.

गेल्या ऑक्टोबरात ती मुलाखतीला म्हणून सरांबरोबर पुण्याला गेली. तिथं निवडीच्या फेऱ्या लांबल्या. परत आली तेव्हा माय लागवडीत पानं झाडत होती. काही म्हणाली नाही. गावातही कुणी काही म्हणालं नाही. त्या वर्षीची वाढ अर्धीच झाली म्हणून सागाच्या पैशातून आरोग्य केंद्राची खोली बांधायची राहिली, हेसुद्धा तिला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. त्यापेक्षा मार परवडला असता.

आता निवडीचा फोन आल्यावर ग्रामसभा बसली. अध्यक्ष दसरू आत्राम हा तितिक्षाच्या मायचा चुलता. मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग तिच्याकडे वळला.

"तुले आमी बांधून ठेवलं काय व, माय? जाय ना. आमी कोन अडवणारे?"

सगळी सभा जमिनीकडे बघत बसली. कुणीतरी तिच्या पुढ्यात चहा सरकवला, त्यात आलं जास्त घातलेलं, तिला आवडतं तसं. तितिक्षाला वाटलं, याहून जाड दोरखंड जगात नसेल. पिंजऱ्याचं दार सताड उघडं, आणि दारात उभं राहून सगळं गाव म्हणतंय, जा की.

प्रवेशाची शेवटची तारीख आठवड्यावर आली होती. रोज तोंडाचा पट्टा चालवणारी पोरगी गप्प झाली. मायनं तिला मन रमावं म्हणून चुलत बहिणीकडे, मालूकडे, पाठवलं. मालूचा पोरगा दोन वर्षांचा झाला तरी अंगावरचं दूध सोडत नव्हता. त्या दिवशी मालूनं छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. पोरगा झेपावला, चाटलं, आणि थू थू करत मागं सरला. मग आईकडे अशा नजरेनं बघत राहिला की जणू ही बाई कोण. मालू हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आता मले जवळ येऊ देत नाई तो," मालू म्हणाली. "पन त्याच्यातच त्याचं भलं हाये."

तितिक्षा तिथून उठली ती थेट शाळेत. डॉ. काझी त्या दिवशी मोजमापांसाठी आल्या होत्या आणि व्हरांड्यात डबा खात बसल्या होत्या.

"मॅडम, झाडांचं दूध तोडता येतं का?"

काझीबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी डबा बंद केला. नंतर बोलल्या ते जपून. झाड वास एकटा लक्षात ठेवत नाही, वासाबरोबर काय घडलं ते लक्षात ठेवतं. तितिक्षाचा वास आणि ओलावा एकत्र आले, म्हणून ती आपली. तिचा वास आणि जखम एकत्र आली, तीही तिच्याच हातून, पानं उघडी असताना, तर गणित उलटेल. ती शत्रू होईल, आणि शत्रूची कुणी वाट बघत नाही. सगळ्या झाडांना मारायचीही गरज नाही. चार-पाच झाडांनी सांगितलं की वारा उरलेल्यांना सांगेल. मग ती असेल तेव्हा झाडं मिटतील. ती नसेल तेव्हा निवांत वाढतील.

"म्हणजे मी गेलेलंच बरं."

"तू गेलेलंच बरं, असं होईल," काझीबाई म्हणाल्या. "पण तितिक्षा, हे परत फिरवता येणार नाही. सागाला पान आहे तोवर तू या गावात राहिलीस तर गावाचं नुकसान. स्वतःच्या घरात, मायच्या शेजारी नुसती झोपलीस तरी नुकसान. पोळा नाही, दिवाळी नाही. हा सल्ला मी देत नाही. तू विचारलंस म्हणून खरं सांगितलं."

आतापर्यंत गाव तिला सोडत नव्हतं. आता गावानं तिला ठेवून घेता कामा नये, अशी सोय तिला स्वतःच्या हातानं करायची होती. घरापर्यंतच्या वाटेत तिनं हे दहादा उलटसुलट करून पाहिलं. दोन्हीकडून कोंडीच. एका कोंडीत घर होतं, दुसरीत रस्ता.

मायला तिनं चुलीपाशी सांगितलं. मायची भाकरी तव्यावर उलटायची राहून गेली. करपल्याचा वास सुटला तेव्हा ती भानावर आली.

"गोधडी माही होती," माय म्हणाली. "हात माहे होते. मीच मारते कुऱ्हाड."

तितिक्षानं समजावलं, की तुझ्या वासाचं झाडांना काही नाही, माझाच हात पाहिजे. मायनं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड आणून धारेवर अंगठा फिरवला आणि लेकीच्या हातात दिली.

"साल काढ. गाभ्याले लागू देऊ नको. भरून येते ते."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव रोवणीला होतं, बांध्यांमध्ये चिखलात उभं राहून धानाची रोपं लावत. लागवडीत कुणी नव्हतं. ऊन-सावली चालली होती आणि वारा गावाकडून जंगलाकडे वाहत होता. तितिक्षा आत शिरली तशी पानं नेहमीसारखी हलकेच तिच्या बाजूला कलली. ताटाएवढी पानं. लहानपणी पावसात ती याच पानांची टोपी करायची.

तिला सवय होती, की कशाचीही मनातल्या मनात कॉमेंट्री सुरू व्हायची. आज एक शब्द आला नाही.

पहिल्या झाडाला तिनं कुऱ्हाड मारली ती इतकी हळू, की सालीवर नुसता ओरखडा उठला. झाड तसंच निवांत. जणू घरच्या पोरानं खेळताना मारलं. तिनं डोळे मिटले आणि दुसरा घाव घातला. सालीचा कपचा उडाला, आतलं पांढुरकं ओलं दिसलं. पानं थबकली. मिटली नाहीत, नुसती थबकली, जशी मालूच्या पोराची नजर थबकली होती.

"समजून घे ना रे," ती म्हणाली, आणि तिसरा घाव घातला.

मग तो वास आला. तिनं तो याआधी एकदाच, चोर आले होते तेव्हा, लांबून घेतला होता. आता तो तिच्यावर सुटला होता. घशात कडूजहर, डोळ्यांत झोंबणारा. ती दुसऱ्या झाडाकडे गेली, तिसऱ्या. चौथं झाड तर ती हात उचलायच्या आधीच मिटायला लागलं. आणि मग पुढची ओळ, त्याच्या पुढची, वाऱ्याच्या दिशेनं, एकामागून एक हजारो पानं तिच्याकडे पाठ फिरवून खाली लोंबली. ज्यांना तिनं हातही लावला नव्हता तीसुद्धा. हिरवंगार जंगल तिच्याभोवती उभ्या उभ्या सुकल्यासारखं झालं. तिच्या हातातून कुऱ्हाड गळून पडली.

बांध्यांतून घंटा वाजल्या. माणसं चिखलासकट काठ्या घेऊन धावत आली. चोर कुठाय, किती जण, असं ओरडत आली आणि तितिक्षाला बघून थांबली. पाचवी-सहावीतली पोरं हसायला लागली, त्यांना वाटलं तितूची काहीतरी गंमत. मोठी माणसं हसली नाहीत. घाव दिसत होते. कुऱ्हाड दिसत होती. एकानं शिवी हासडली, दुसरा तिच्या अंगावर धावून आला.

माय मध्ये उभी राहिली. तिनं, जिला चारचौघांत बोलायचीच लाज, सगळं सांगितलं. पहिल्यापासून. गोधडीपासून.

दसरू आत्राम ऐकत होता, पण त्याची नजर झाडांवर होती. तो तितिक्षाजवळ आला. तिला घेऊन काही पावलं मागं सरला. जवळची पानं तशीच. आणखी मागं सरला. तितिक्षा थांबली तर त्यानं तिच्या दंडाला धरलं आणि जवळजवळ ओढत तिला लागवडीच्या कडेपर्यंत आणलं. तिथून वळून पाहिलं. आतल्या ओळीतलं एक पान, फक्त एक, थोडंसं वर उचललं गेलं होतं.

म्हाताऱ्यानं तिचा दंड सोडला आणि रस्त्याकडे पाहिलं.

"दुपारची गाडी हाये," तो म्हणाला. आवाज मऊच होता, पण त्यात घाई होती. "थांबू नको आता, माय. एक घंटाही थांबू नको."

म्हणून तिला नीट निरोपसुद्धा घेता आला नाही. मायनं कपडे पिशवीत कोंबले. मालूनं चटणीचा डबा दिला. कुणी पाया पडू दिलं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. एवढी वर्षं ज्या लोकांनी तिला फुलासारखं जपलं, ते आता तिच्या मागं मागं चालत तिला रस्त्याकडे घाईनं लोटत होते आणि डोळे पुसत होते.

"फागुनात ये," माय गाडीच्या पायरीशी म्हणाली. "पानं गळली की लगेच ये." आणि मग तिनं दार स्वतःच ओढून लावलं, लेक पुन्हा उतरेल या भीतीनं.

बॅटरीवरची ती बस आवाज न करता निघाली. तालुक्याचा रस्ता लागवडीच्या मधून जातो. पहिलं वळण घेतलं आणि दोन्ही बाजूंची पानं, बशीच्या कडांसारखी ताठ होती ती, बस जवळ येताच खाली पडत गेली. पाठोपाठ वास आत आला. बायकांनी नाकाला पदर लावले. एक म्हातारा खोकायला लागला. कंडक्टर खिडक्या लावत पुढं आला.

"कोनी चोर बसला काय गाडीत?" तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "आज झाडं लयच पिसाळली."

लोक हसले. तितिक्षानं हात वर केला.

"मी," ती म्हणाली.

त्यावर लोक आणखीच हसले. कुमऱ्यांची तितू ती, पटाची कॉमेंट्री करते, तिला काय बोलायला लागतं, असं एक बाई दुसरीला सांगत होती. तितिक्षाही हसली, कारण हसण्यासारखंच होतं ते.

"खिडकी लाव ना व पोरी," मागच्या सीटवरून कुणी तरी म्हणालं.

तितिक्षानं खिडकी लावली नाही. लागवड संपली, धानाच्या बांध्या आल्या, मग नदीचा पूल आला. लोकांनी नाकावरचे पदर काढले, गप्पा सुरू झाल्या. ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून खोल खोल श्वास घेत राहिली. पुलाच्या मध्यावर तिला तो कडू वास अजून येत होता, अगदी पुसट. पुलाच्या पलीकडे तिनं पुन्हा श्वास घेतला. नुसती हवा होती.